‘एक जुना बडोदेकर’ यांना उत्तर, आणि त्या थकलेल्या भाड्याविषयी

काका,

(‘एक जुना बडोदेकर’ एवढीच सही आहे, म्हणून काका म्हणते. काकू असाल तर माफ करा; कान ज्या जोराने उपटलेत त्यावरून मला काकाच वाटले.)

बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. बडोद्याच्या चित्रकारांच्या खुणा शोधत मी दोन दिवस फिरले, त्यावर लिहिलं. तुम्ही म्हणता की ‘बोहेमियन’ हा शब्द पॅरिसच्या भणंगांना ठीक, बडोद्याचे कलावंत वेळेवर वर्गावर जाणारे पगारदार लोक होते. दुसरं, चित्रकार भूपेन खख्खरांबद्दल मी ‘खासगी कुजबुज’ केली. तिसरं, गायकवाडांच्या शहरावरच्या लेखात मराठी माणूस औषधालाही नाही. आणि शेवटी, जाता जाता, तुमच्या पोळीतल्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली घरांची गल्ली) एका भाडेकरूचा उल्लेख. त्याच्याकडे मी शेवटी येते, कारण माझा जीव त्यातच अडकलाय.

शब्दाचं आधी. आळसाने वापरला, कबूल. चार दिवस उलटसुलट विचार करूनही दुसरा सापडला नाही. ‘कलंदर’ म्हटलं की एकटा माणूस डोळ्यासमोर येतो आणि ‘अवलिया’ म्हटलं की आपण लगेच नमस्कार करतो. मला म्हणायचं होतं ते टोळक्याबद्दल. पण पगाराचा मुद्दा तुम्ही माझ्याविरुद्ध काढलात, तो मला माझ्याच बाजूचा वाटतो. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, १९५० मध्ये ललित कला विभागाचे, म्हणजे ‘फाइन आर्ट्स’चे, वर्ग सुरू झाले. चित्रकलेला नारायण श्रीधर बेंद्रे आले, शिल्पाला शांतिनिकेतनचे शंखो चौधरी, वर्षभराने के. जी. सुब्रमण्यन. या मंडळींना दर महिन्याला पगार मिळत होता म्हणून तर चित्र विकलं जाईल की नाही याची फिकीर न करता ती काम करू शकली. मास्तर शिकवता शिकवता स्वतःचं काम पोरांच्या देखत करायचे. बेंद्र्यांच्या भोवती १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रुप’ जमला, त्यात शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी एकाच भिंतीवर चित्रं टांगत होते. पॅरिसचा भणंग उपाशी राहून मोकळा होता, बडोद्याचा पगारावर मोकळा. आणि तोही दारूबंदीच्या राज्यात! तुम्हाला माझ्या लेखात ‘फक्त दारू आणि जागरणं’ दिसली म्हणता. काका, जागरणं आहेत. दारूचा थेंब कुठे आहे ते दाखवा. चहा मात्र पंधरा वेळा आहे, तो आत्याने मोजला.

खख्खर तर सनदी लेखापाल. मुंबईचा माणूस, चित्रकार गुलाम मोहम्मद शेखांच्या सांगण्यावरून १९६२ मध्ये बडोद्याला कलासमीक्षा शिकायला आला आणि इथलाच झाला. कितीतरी वर्षं एका कारखान्याचे हिशेब अर्धवेळ लिहायचा आणि उरलेल्या वेळात घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी असल्यांची चित्रं काढायचा. ज्यांच्या दुकानावरून आपण रोज जातो आणि ज्यांच्याकडे मान वर करून बघत नाही, ती माणसं. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ १९७२ चं.

आता कुजबुजीचं. इथे मी तुमचं ऐकणार नाही. त्यांचं १९८१ चं एक चित्र आहे, ‘यू कान्ट प्लीज ऑल’. गच्चीच्या कठड्याशी एक उघडा माणूस पाठमोरा उभा आहे, आणि खाली गावात बापलेक आणि गाढवाची गोष्ट चाललीय. तीच आपली लहानपणची, बाप बसला तरी लोक बोलतात, पोरगा बसला तरी बोलतात. तो पाठमोरा माणूस म्हणजे ते स्वतः. पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, हे त्यांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या कॅनव्हासवर, रंगवून चारचौघांत टांगलं. जे माणसाने भिंतीवर लावलं ते मी लेखात लिहिलं तर ती कुजबुज कशी? मी ते गाळलं असतं तर मात्र तुमच्या-माझ्यात कुजबुज झाली असती.

प्रवासी म्हणून मी काय शोधत होते, तेही नीट सांगायला हवं होतं. राजवाडा बघायला तिकीट काढता येतं, पण चित्रकारांची बैठक जिथे बसायची तिथे पाटी नसते. या शहराचा तो इतिहास घरांत घडला. ‘ग्रुप १८९०’ हा चित्रकारांचा गट घ्या. १९६२ मध्ये भावनगरला जमलेले बारा जण, त्यांत बडोद्याचे कितीतरी. मला वाटायचं १८९० हे काहीतरी ऐतिहासिक साल असेल. तो निघाला ते ज्या घरात जमले त्या घराचा नंबर! शेख आणि खख्खर यांनी १९६९ ते १९७३ ‘वृश्चिक’ नावाचं छोटं मासिक चालवलं, त्यावर पत्ता रेसिडेन्सी बंगल्याचा, विद्यापीठ कार्यालयाच्या आवारातला. त्या आवाराच्या फाटकाशी मी उभी राहिले तेव्हा पहारेकऱ्याने विचारलं, ‘कोनुं काम छे?’ काय सांगणार? पन्नास वर्षांपूर्वीच्या मासिकाचं काम आहे म्हणून? मी ‘काही नाही’ म्हणून परत फिरले आणि लेखात मात्र ‘त्या बंगल्याच्या सावलीत’ वगैरे लिहिलं. ते वाक्य कालच काढून टाकलंय. तुम्ही त्यावर बोट ठेवलं नव्हतंत, पण मलाच टोचत होतं.

मराठी माणसाचं. इथे तुमचे सगळे फटके बिनतक्रार. आत्या दांडिया बाजारात राहते, सकाळी सेव-उसळ खाऊन मी बाहेर पडायचे, पायाखालचं सोडून लांबचं बघत होते. बेंद्रे इंदूरच्या मराठी घरातले, हे साधं वाक्यही लिहिलं नाही. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा दुसऱ्या दिवशी पाहिला आणि लेखातून गाळला, कारण ‘माझ्या विषयात बसत नाही’ असं मला वाटलं. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, वरच्या मजल्यावर भिंती, कोनाडे, खिडक्यांच्या मधल्या जागा, सगळीकडे १९व्या शतकातली चित्रं. कृष्णलीला आहे, महाभारत आहे आणि त्यांच्याच शेजारी मराठे-इंग्रजांची लढाई. कोणी रंगवलं त्यांची नावं खाली नाहीत. बसत नाही कसं? शेखांनी किंवा खख्खरांनी गल्लीतलं आणि पुराणातलं एकाच चौकटीत बसवलं म्हणून आपण कौतुक करतो, ते इथे रावपुऱ्यात आधीच बसवलेलं होतं. कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकातली, शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंची भित्तिचित्रंही तशीच माझ्याकडून एका ओळीत उरकली गेली. त्या भिंतींवर १९३९ ते १९४६ काम चाललं होतं, म्हणजे शांतिनिकेतन बडोद्याला आलं ते विद्यापीठाच्या आधी, गायकवाडांच्या छत्रीत.

पण काका, मराठी पाहिजे म्हणालात तर तुमच्या नीटनेटक्या शहरातून पळालेली जोडीही घ्यावी लागेल. उस्ताद अब्दुल करीम खाँ दरबारात गायक होते, सरदार मान्यांच्या घरातल्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होत्या. दोघांनी बडोदं सोडलं. सरदारांची मुलगी आणि गवई, धर्म वेगळा, आणि काळ तो! पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, मुलांची नावं बदलली. त्यातूनच आपल्याला सुरेशबाबू माने मिळाले, हिराबाई मिळाल्या, सरस्वतीबाई राणे मिळाल्या. हिराबाईंनी आडनाव लावलं बडोदेकर. माझी आजी रेडिओवर हिराबाई लागल्या की ‘आपल्या बडोद्याच्या’ म्हणायची, पण ही गोष्ट तिने कधी सांगितली नाही. घरात माहीत होती, हे मला आत्याकडून आत्ता कळलं. तुमच्या घरी सांगायचे का?

एका बाबतीत मी अजून हट्टाला पेटलेय. ‘टोळक्यात न मिसळणाऱ्यांना तुम्ही उगाच कोंबलंत’ असं चित्रकार नसरीन मोहम्मदींबद्दल म्हणालात. १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत त्या इथेच शिकवत होत्या. कागदावर नुसत्या रेघा, शाई आणि पेन्सिल, रंग जवळजवळ नाहीच. गोंधळात राहून एवढं शांत काम करणाऱ्या बाईला मी यादीतून काढणार नाही. गोंगाट न करणाराही मैफिलीत असतोच.

आता तुमचं शेवटचं वाक्य. जसंच्या तसं देते: ‘आमच्या पोळीत वरच्या खोलीत फाइन आर्ट्सचा एक पोरगा राहायचा, सात महिने भाडं थकवलं, शेवटी दादांना एक चित्र देऊन गेला, आईने ते पिठाच्या डब्याखाली घातलं, असल्यांचं कौतुक तुम्हीच करा.’

काका, अख्ख्या लेखात मला मिळालं नाही ते तुम्ही रागाच्या भरात एका ओळीत दिलंत. दादांनी सात महिने वाट बघितली! हाकललं नाही. पगार नसलेल्या पोराला तुमच्या दादांनीच पोसलं की, भाडं न घेऊन.

नवरात्रात मी परत येतेय, फाइन आर्ट्सच्या गरब्याला. भव्य मैदानं आणि पास वगैरे मला झेपत नाही, तिथलाच बरा. त्या आधी एका संध्याकाळी पोळीत येऊ का? खोली कोणत्या जिन्याने वर जायची ते बघायचंय. आणि पिठाचा डबा अजून असेल तर, जरा उचलून बघाल?