सपाटीवर चाळीस मिनिटं

गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाळीस मिनिटं चाला, पण सपाटीवर. चढ नको, उतार तर अजिबात नको. डॉक्टर साताऱ्यात नवीन असावेत बहुतेक. अहो, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमचं सगळं गाव पसरलंय आणि पसरताना कुणी पाणसळ लावून बघितलेलं नाही, त्यामुळं इथं रस्त्यांच्या दोनच जाती, चढ आणि उतार, आणि त्यातसुद्धा भाजीला जाताना पिशवी रिकामी असते तेव्हा उतार आणि येताना दोन किलो बटाटे, एक भोपळा असतो तेव्हा चढ, हे कुणी ठरवलं माहीत नाही पण कुठल्याही पेठेतनं कुठल्याही पेठेत जा, हिशोब तोच येतो.

त्यात गाव भयंकर फिट. २०१२ पासून इथं दरवर्षी हिल मॅरेथॉन होते, यवतेश्वरच्या घाटात हजारो लोक पळत वर जातात आणि पळत खाली येतात, कुणी मागं लागलेलं नसताना. बाकीचे सकाळी अजिंक्यताऱ्यावर. आमच्या गल्लीत तुम्ही चालता का असं कुणी विचारत नाही, किती वेळात वर जाता असं विचारतात. मी एकदा खरं सांगितलं तर समोरची बाई म्हणाली, "येऊन जाऊन ना?" मी म्हटलं, नाही हो, नुसतं जाऊन.

तर सपाटी. शोधल्यावर सापडली ती घराजवळच्या बागेत. बागेचं नाव सांगत नाही, मला रोज तिथंच जायचंय. बाग छान आहे खरं तर. कडेनं चालायचा ट्रॅक, मधे औदुंबर, त्याला पार, पारावर दत्ताचा फोटो, एका कोपऱ्यात ओपन जिम, दुसऱ्या कोपऱ्यात घसरगुंडी आणि जागोजागी तोंड उघडून उभे असलेले पेंग्विन, ज्यांच्या पोटावर 'युज मी' लिहिलंय आणि पायाशी सगळा कचरा आहे. मला फक्त चाळीस मिनिटं पाहिजे होती, ज्यात मला कुणी काही विचारणार नाही. एवढंच. गुडघा हे निमित्त होतं म्हणा ना.

पहिल्याच दिवशी कळलं की चालायला लागण्याआधी पक्ष निवडावा लागतो. डावीकडनं का उजवीकडनं. म्हणजे झालंय असं की शाळेतनं रिटायर झालेले एक पीटीचे सर आहेत, ते आणि त्यांचा गट घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतो, कारण जगातल्या सगळ्या स्टेडियममध्ये तसंच पळतात, अगदी ऑलिंपिकमध्येसुद्धा. आणि दुसरा गट फिरतो घड्याळाच्या दिशेनं, कारण मधे औदुंबर आहे, म्हणजे ती प्रदक्षिणाच झाली, आणि प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला पाहिजे. दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर आहे हीच अडचण आहे. सरांनी एकदा खडूनं ट्रॅकवर बाण काढले होते म्हणे, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बाणांना मागच्या बाजूनं पण टोक आलेलं.

मी दिसली त्या बाजूनं सुटले, ती निघाली सरांची. आणि प्रदक्षिणा गटाच्या सगळ्यात पुढं कोण, तर माझ्या सासूबाई.

आता याचं गणित बघा. ट्रॅक दोनशे मीटरचा आहे, सरांनी टेपनं मोजलाय. माझ्या चालीनं चाळीस मिनिटांत तेरा फेऱ्या होतात. समोरनं येणारा माणूस त्याच वेगाचा असेल तर एका फेरीत तो दोनदा भेटतो. म्हणजे एका सकाळी एकाच माणसाशी सव्वीस वेळा गाठ. पहिल्यांदा आपण छान हसतो, "काय म्हणताय?" दुसऱ्यांदा नुसतं हसतो. तिसऱ्यांदा भुवई वर. चौथ्यांदा चपलेकडं बघायचं. पाचव्यांदा मोबाईल काढायचा. पुढं काही उरतच नाही हो, अजून एकवीस भेटी बाकी असतात आणि आपल्याकडचे सगळे चेहरे करून झालेले असतात. ओळखीचे दहा जण धरा, दोनशे साठ. घरच्या लग्नातसुद्धा मी एवढ्या वेळा हसले नव्हते.

बाकीच्यांचं एक वेळ ठीक आहे, सासूबाईंना भुवईवर भागवता येत नाही. वय चौऱ्याहत्तर, पण चाल माझ्याएवढीच, आणि बरोबर दर दीड मिनिटानं त्या समोर येणार. आल्या की एक प्रश्न, आणि मी तोंड उघडेपर्यंत पुढं. "कणीक मळून ठेवलीस का?" मी अर्धी फेरी उत्तर तोंडात धरून चालायचं. पण त्या अर्ध्या फेरीत त्यांचा पुढचा विषय तयार झालेला असतो, त्यामुळं मी कायम मागच्या प्रश्नाचं उत्तर देत असते. एकदा त्या समोरनं आल्या आणि चालता चालताच म्हणाल्या, "रविवारी येतायत तुझ्या नणंदबाई, चार दिवस." आणि त्याच वेळी माझ्या तोंडून निघालं, "हो, झाकून फ्रीजमध्ये ठेवलीय." त्यांच्या मागं चालणाऱ्या दोन्ही काकू थांबल्याच. आता त्या बायका मला भेटल्या की आधी नणंदेची चौकशी करतात, आणि जरा हळू आवाजात.

मग मी म्हटलं बसावं थोडा वेळ. पण बागेत बाकावर बसणं हे पण सोपं काम नाही. प्रत्येक बाकावर पाठीला लिहिलेलं असतं, कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ. मी एका बाकावर टेकले तर एक गृहस्थ येऊन नुसते उभे राहिले. बराच वेळ. शेवटी म्हणाले, "बसा बसा, वडील आहेत आमचे." मी उठलेच ताडकन. आता कुणाच्या वडिलांवर टेकून बसायचं म्हणजे पाठ कशी सैल पडणार, सांगा बरं.

ओपन जिमबद्दल काय बोलायचं. तिथं त्या दोन पायांच्या झुलत्या मशिनवर दोन बायका समोरासमोर उभ्या राहून झुलत असतात आणि सून, जावई, कामवाली असे सगळे विषय संपल्याशिवाय उतरत नाहीत. मशिनला मिनिटं नसतात, विषय असतात. पुढं.

आता मुख्य गोष्ट, हास्यक्लब. बरोबर पावणेसात वाजता औदुंबराखाली गोल होतो, मधे कॅप्टन काका, गळ्यात शिट्टी. ते रोज सुरुवातीला इतिहास सांगतात, रोज, आरतीसारखा. की १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी मुंबईतल्या एका बागेत अवघे पाच जण घेऊन हा क्लब सुरू केला आणि आज जगभर लोक हसतायत. यातला मला आवडणारा भाग असा की सुरुवातीला ते लोक एकमेकांना विनोद सांगून हसायचे, पण थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, आणि उरलेले सांगण्यासारखे नव्हते, तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की विनोदाशिवायच हसायचं, शरीराला खऱ्या-खोट्यातला फरक कळत नाही. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, हा शोध आम्हाला पण लग्नानंतर साधारण तेवढ्याच दिवसांत लागला होता, पण आम्ही क्लब काढला नाही.

मग सुरू होतं. हो हो, हा हा हा. टाळ्या. मग ताक-हास्य, म्हणजे दोन हातांनी हवेतलं ताक या भांड्यातनं त्या भांड्यात ओतायचं आणि पिताना हसायचं. मग मोबाईल-हास्य, कानाला हात लावून हसत हिंडायचं. आणि मग सिंहहास्य. डोळे वटारायचे, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर, दोन्ही पंजे वर, आणि पोटातनं गर्जना. यात सगळ्यात मोठी गर्जना कुणाची असेल? ज्या बाईंना मी एकवीस वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं, ज्या टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम बातम्या बघितल्यासारखा बघतात आणि संपल्यावर "झालं?" म्हणून विचारतात, त्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं त्यांना काहीतरी झालं, मी ट्रॅक सोडून गुडघा विसरून पळत गेले. त्या जीभ आत घेऊन शांतपणे म्हणाल्या, "चप्पल काढ, पार आहे."

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. चालणं संपलं, मी निघायच्या बेतात, तेवढ्यात सासूबाई आल्या आणि एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "धर जरा, मी हसून येते." मी धरली. आपल्याला काय, आपण सून, हातात दिलं की धरायचं. पिशवी हलकी होती म्हणून आत बघितलं पण नाही. आणि उभी कुठं होते, तर नेमकी त्या पाटीखाली, 'फुले तोडू नयेत'.

"वहिनी, पिशवी बघू."

वॉचमनमामा. मी पिशवी उघडली तर आत जास्वंद. एक-दोन नाही, चाळीसेक तरी. वर दूर्वा. एक कण्हेरीची अख्खी फांदी.

"रोज झाड रिकामं होतंय, म्हटलं कोण बाई हाय ही," मामा म्हणाले. "तीन महिनं पाळतीवर हाय मी. आज घावलासा."

मी म्हटलं, मामा, मी तर बागेत पंधरा दिवसच झाले येतेय. ते म्हणाले, सगळं असंच म्हणत्यात. आता काय करायचं? खरं सांगावं तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला पकडून द्यायचं, ते पण स्वतःच्या सासूला, आणि मग घरी जायचं. मी मदतीच्या आशेनं गोलाकडं बघितलं. सासूबाई बरोबर माझ्याचकडं तोंड करून उभ्या होत्या. सगळं दिसत होतं त्यांना. पण सिंहहास्य चालू होतं. त्यांनी डोळे वटारले, दोन्ही पंजे वर घेतले, माझ्याकडं बघत अख्खी जीभ बाहेर काढली आणि गर्जना केली.

आणि मला हसू आलं. साधंसुधं नाही, आतनं, खदखदून, आवाज न येणारं आणि मग एकदम किंचाळल्यासारखं बाहेर येणारं. पाटीचा खांब धरला मी. मामा म्हणतायत, "हसताय काय वहिनी, गुन्हा हाय ह्यो," त्यानं अजूनच. जास्वंदी सांडल्या. तिकडं कॅप्टन काकांनी शिट्टी फुंकली, सगळा क्लब थांबला, बेचाळीस माणसं जीभ बाहेर तशीच ठेवून माझ्याकडं बघायला लागली. काका जरा नाराजच झाले. "ताई, गोलात येऊन हसा. असं बाहेरनं हसलं की लय बिघडते सगळ्यांची."

तेव्हा सासूबाई पुढं आल्या. मला वाटलं आता सोडवतायत. त्या कॅप्टन काकांना म्हणाल्या, "हसू द्या हो तिला. माझी सून आहे. एकवीस वर्षांत घरी एकदा हसली नाही. डॉक्टरांना मीच म्हटलं होतं, हिला सकाळी बागेत पाठवा म्हणून."

यावर मी काय बोलणार होते.

मामांनी फुलं जप्त केली. त्यातली अर्धी त्यांच्याच चौकीतल्या गणपतीवर दिसली दुसऱ्या दिवशी, पण तो विषय मी काढला नाही. क्लबवाल्यांनी माझं नाव तिथल्या तिथं वहीत लिहून घेतलं, शिवाय जन्मतारीख. ती कशाला ते नंतर कळलं. क्लबात दर आठ-नऊ दिवसांनी कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि वाढदिवस म्हटलं की साताऱ्यात कंदी पेढे, आणि ते एक-एक वाटत नाहीत, पुडा फिरवतात. मला धरून त्रेचाळीस वाढदिवस, त्यात नातवंडांचे निकाल वेगळे. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी वजन कमी करा असंही सांगितलं होतं, ते मी आत्ता लिहिता लिहिता आठवलं.

पण गणित मी सोडलं नव्हतं. समोरनं येणारा माणूस सव्वीस वेळा भेटतो, बरोबर? पण त्याच दिशेनं, त्याच वेगानं, अर्धी फेरी मागं राहून चाललं तर एकदाही भेटत नाही. काल मी पक्ष बदलला. पीटीच्या सरांनी अशी नजर टाकली की काय सांगू, पण मी पाय हलवत राहिले. सासूबाई ट्रॅकच्या त्या टोकाला, मी या टोकाला, औदुंबर मधे. एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. कुणी काही विचारलं नाही. पक्षी बोलत होते, तेवढंच. सहाव्या फेरीत घसरगुंडीच्या पुढं वळले तर जास्वंदीच्या कुंपणाशी सासूबाई थांबलेल्या, इकडंतिकडं बघत, मामा कुठं दिसतायत का याचा अंदाज घेत.

"बरं झालं आलीस," म्हणाल्या. "धर जरा."