ठाण्यातून फोन आला की पाय लटपटू नयेत म्हणून

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत एक वाक्य फार अभिमानानं बोललं जातं. "आमच्या घरातलं कुणी आजवर पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं नाही." रामबागेत ऐकलंय, लोकमान्य नगरात ऐकलंय, राजेंद्र नगरात तर लग्नाच्या बैठकीत, मुलाच्या पगाराच्या जोडीनं ऐकलंय. मला आता या वाक्याचा राग येतो. पायरी चढली नाही याचा अभिमान बाळगता बाळगता आपण पायरीच्या आत काय चालतं, कुठला नियम कुणाला बांधतो, हे समजून घेणंच सोडून दिलं. मग खाकी वर्दी समोर आली की आपण एक तर गळाठतो, नाही तर उगाच आवाज चढवतो. मूळ दोन्हीचं एकच: समोरच्याला काय करता येतं आणि काय करता येत नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं.

मी वकील नाही. विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक म्हणून काम करते, त्यामुळे अशी माणसं रोज भेटतात. पण हे लिहायला बसले ते माझ्या मावशीमुळे.

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी राहते. समोरच्या इमारतीतून स्कूटर चोरीला गेली आणि तिनं गॅलरीतून दोन मुलं ती ढकलत नेताना पाहिली होती. शेजाऱ्यांनी तिचं नाव सांगितलं असणार. संध्याकाळी फोन आला, "माताजी, कल ग्यारह बजे थाने आ जाइए, बयान लेना है." बास. त्या रात्री मावशी जेवली नाही. देवासमोर बसून राहिली. "माझ्यावर संशय असेल का गं?" हे तिनं मला किती वेळा विचारलं असेल! मामा म्हणाले, ओळखीच्या पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, फोन लावतो, तो बघून घेईल.

पार्षदाची काही गरज नव्हती. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिचं कलम १७९ सांगतं की साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश हवा. आणि स्त्रीला, मग तिचं वय काहीही असो, जबाबासाठी तिच्या राहत्या जागेबाहेर यायला भाग पाडता येत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलाला नाही, साठीपुढच्या पुरुषाला नाही, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला नाही. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी ही मर्यादा पासष्ट होती, आता साठ झाली आहे. म्हणजे आपले निवृत्त काका, आजोबा बहुतेक सगळे तिच्यात बसतात. स्वतःहून जायचं असेल तर जरूर जावं, पण ते स्वतःहून.

मी त्याच नंबरवर फोन केला. "नमस्ते सर, मैं उनकी भांजी बोल रही हूं. मावशी पूरा सहयोग करेंगी. धारा १७९ में महिला का बयान घर पर होता है, आप कब आ सकेंगे?" पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "ठीक है मैडम, शाम को आते हैं." दुसऱ्या दिवशी एक प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, आले. वयस्कर, सभ्य गृहस्थ. चहा घेतला, मावशीनं पाहिलं ते लिहून घेतलं आणि अर्ध्या तासात काम झालं. शेवटी कागद पुढे केला, "यहां साइन कर दीजिए." मावशीनं पेन उचललंसुद्धा होतं. मी म्हटलं, "सर, गवाह के बयान पर दस्तखत तो नहीं होते ना?" ते हसले आणि कागद परत घेतला. कलम १८१ प्रमाणे तपासात दिलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायची नसते. त्याला कारण आहे. साक्षीदाराला ठाण्यात लिहिलेल्या कागदाशी जखडून ठेवता येऊ नये, त्याची खरी साक्ष न्यायालयात व्हावी, म्हणून इंग्रजांच्या काळापासून ही तरतूद चालत आली आहे.

या सगळ्यात कुणी कुणाचा अपमान केला नाही. त्या प्रधान आरक्षकांचं काम झालं, मावशीनं नागरिक म्हणून आपलं कर्तव्य केलं आणि तिला झोपही लागली. हक्क सांगायचा म्हणजे भांडायचं, असं आपल्याकडे कुणी शिकवलं देव जाणे. मी त्या फोनवर तीनच गोष्टी केल्या. आधी सहकार्य करू असं सांगितलं, मग कलम सांगितलं, मग पुढचा मार्ग विचारला. क्रम हाच ठेवा. कलम पहिल्या वाक्यात फेकलंत तर समोरच्याला ते आव्हान वाटतं.

आता रस्त्यावरचं. विजय नगर म्हणा, पलासिया म्हणा, रात्री चेकिंग लागलेलं असतंच. आपली मुलं रात्री उशिरा कामावरून परततात आणि त्यांच्या डोक्यात मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ असतात, कुणी तरी पोलिसाला 'कायदा शिकवतोय' असले. माझं ठाम मत आहे की त्या व्हिडिओंनी फार नुकसान केलंय. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा, "नमस्ते सर" म्हणा. वर्दीतल्या अधिकाऱ्यानं मागितलं तर परवाना दाखवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे बंधनकारक आहे. त्यात अपमान कसला? डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले कागद चालतात, नियमांत ती दुरुस्ती २०१८ मध्येच झाली. चूक असेल तर चालान घ्या, पण पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. "रसीद दे दीजिए सर" हे वाक्य शांतपणे, हसऱ्या चेहऱ्यानं, लागलं तर पुन्हा पुन्हा म्हणता येतं.

नाव-पत्ता विचारला तर खरा सांगा. नव्या संहितेत कलम १७२ ही नवी तरतूद आली आहे: पोलिसाचा कायदेशीर आदेश मानायला नकार दिला तर तो तुम्हाला तिथून हटवू किंवा ताब्यात घेऊ शकतो. हात झटकलात, कॉलर धरलीत, तर जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं, त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसता कामात अडथळा आणला तरी कलम २२१ आहे, तीन महिन्यांपर्यंत. चालान चारपाचशेचं असो की हजाराचं, त्यापायी वीस-बावीस वर्षांच्या पोरानं गुन्हा अंगावर घ्यावा? पोलीस चुकत असला तरी रस्त्यावर त्याला हरवायचं नसतं. नाव आणि वेळ लक्षात ठेवा, बिल्ल्यावरचं नाव वाचा, घरी येऊन लिहून काढा. लढायची जागा पुढे आहे आणि तिथे कागद लागतो.

मोबाइलवर चित्रीकरण करावं का, हे मुलं हमखास विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं की शासकीय गुपिते कायद्यात 'निषिद्ध ठिकाण' म्हणून ज्या जागा आहेत त्यांत पोलीस ठाणं येत नाही. तेव्हा चित्रीकरण केलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण मी मुलांना सांगते, फोन कुणाच्या तोंडासमोर नाचवू नका. चार पावलं मागे उभ्या असलेल्या मित्रानं शांतपणे केलेलं रेकॉर्डिंग जास्त कामाचं. आणि "फोन अनलॉक करके दिखा" असं म्हटलं गेलं तर घाईनं देऊ नका. "सर, जब्ती बना रहे हैं क्या? किस धारा में?" एवढं विचारा. नव्या संहितेचं कलम १०५ सांगतं की झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं आहे. म्हणजे कॅमेरा आता त्यांच्याही बाजूनं लागतो.

मुलींनी आणि बायकांनी एवढं पाठच करावं. अंगझडती फक्त स्त्रीच घेऊ शकते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नसते. अपवादात्मक परिस्थिती असेल तरच, तीही महिला अधिकाऱ्यानं, आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन.

मामांचा पार्षद मात्र माझ्या मनातून जात नाही. "जानते नहीं हम किसके आदमी हैं" हा इंदूरचा जुना रोग आहे आणि आपण मराठी लोकही त्यातून सुटलेलो नाही. कुठल्या तरी भैयांना, म्हणजे पुढाऱ्याला, फोन लावला की काम होतं, हे खरं आहे. पण आपलं काम ओळखीनं झालं की ठाण्यात बसलेल्या माणसाला एकच समजतं: ज्याच्यामागे फोन नाही त्याच्याशी कसंही वागलं तरी चालतं. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईच्या मुलाला उचलून नेतात तेव्हा तिच्याकडे कुठला भैया असतो? कायद्याचं कलम तिलाही तेवढंच लागू आहे जेवढं मावशीला. आपण शिकलेल्या लोकांनी ते वापरायचंच सोडलं तर तिनं वापरलेलं कोण ऐकून घेणार?

पोलिसांबद्दल मला आकस नाही, हेही सांगते. रंगपंचमीच्या गेरमध्ये, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांमध्ये, अशा मोठ्या मिरवणुकांत ही माणसं सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत उभी असतात. थकलेला माणूस खेकसतो. त्याच्या खेकसण्याला खेकसून उत्तर दिलं नाही तर दहातले आठ प्रसंग तिथेच मिटतात, हा माझा अनुभव आहे. उरलेल्या दोनांसाठीच कायदा ठाऊक हवा.

पायरी न चढण्याच्या अभिमानाचा सगळ्यात मोठा फायदा सध्या घेतायत ते खोटे पोलीस. 'डिजिटल अरेस्ट' नावाची लुबाडणूक इंदुरात किती घरांत शिरली आहे! बळी बहुतेक आपल्यासारखेच, निवृत्त, शिकलेले, पापभीरू. व्हिडिओ कॉलवर वर्दी दिसते, मागे बोधचिन्ह असतं, "आपके नाम का पार्सल पकड़ा गया है" म्हणतात आणि माणूस तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतो, घरातल्यांनाही सांगत नाही. का? तर लोक काय म्हणतील. भीतीपेक्षा लाज जास्त काम करते इथे. भारतातल्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नाही. अटक प्रत्यक्ष समोर येऊन करावी लागते. हजर राहण्याची, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. आणि खरा पोलीस 'तपासणीसाठी' पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला कधीच सांगत नाही. फोन ठेवा, मुलाला किंवा शेजाऱ्याला हाक मारा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

आणि खरी अटक झाली तर? या प्रश्नाला आपण घरात शिवतही नाही. कालच एक बाई म्हणाल्या, "अहो ताई, अभद्र बोलू नका." अभद्र कसलं? इथून तासाभराच्या अंतरावर महूत जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत खास यासाठीच एक कलम मांडलं. मसुद्यात ते १५अ होतं, आज ते २२ आहे. जीवित-स्वातंत्र्याच्या कलमात जे संरक्षण द्यायचं राहून गेलं त्याची काही भरपाई म्हणून ते मांडतोय, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. अटकेचं कारण कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं राहण्याचा हक्क तिथे लिहिलेला आहे. चोर असो, साव असो, दोघांनाही.

त्यावर पुढे बरंच बांधकाम झालं. डी. के. बसू खटल्याच्या १९९६ च्या निकालानं अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी हे सगळं घालून दिलं. आज ते संहितेतच आहे. अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच गुन्ह्यांसाठी सांगितलं. साठीपुढच्या किंवा आजारी माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पकडायचं तर आधी डीएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

घरच्यांनी काय करायचं? ठाण्याबाहेर रडत बसायचं नाही. आत जाऊन टीआय साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांना, भेटायचं, अटक केली आहे की नुसतं चौकशीला बसवलंय हे विचारायचं, अटकेची वेळ लिहून घ्यायची. वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, न वाचलेल्या कागदावर तर नाहीच. आत काही वावगं घडलंय असं वाटलं तर ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण जपून ठेवा असा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे हवेत, असा आदेश २०२० पासून आहे. ठाण्यात अर्ज घेत नाहीत? पोलीस आयुक्त कार्यालय आहे, मंगळवारची जनसुनवाई आहे, १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे, भोपाळला मानवाधिकार आयोग आहे. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या.

आणि ज्याला अटक झाली त्याला एवढंच सांगून ठेवा: दंडाधिकाऱ्यासमोर नेतात तेव्हा मान खाली घालून उभा राहू नकोस. मारहाण झाली असेल तर तिथेच, त्याच वेळी, मोठ्यानं सांग आणि ते लिहून घ्यायला सांग. तिथे विचारलं जाईल याची वाट पाहू नकोस.