‘बारावा हिस्सा’ नुसता अंदाज होता का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

भूकंप अभियांत्रिकीचा जन्म मेसिनाच्या भूकंपानंतर झाला, असे म्हणणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत. त्या भूकंपानंतर इटलीतील समितीने ठरवलेला ‘बारावा हिस्सा’ हा आकडा अंदाजपंचे होता आणि खरे शास्त्र १९३३ साली, लाँग बीचच्या भूकंपात जमिनीच्या तीव्र हालचालीचा आलेख प्रथमच यंत्रावर उमटला तेव्हा सुरू झाले, हा पहिला. कोयनेला मी एका ओळीत उरकले, हा दुसरा. दुसरा मला पूर्ण मान्य आहे. पहिला अर्धाच मान्य आहे, आणि गंमत म्हणजे उरलेल्या अर्ध्याचे उत्तर कोयनेतच सापडते.

२८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे मेसिना शहर जमीनदोस्त झाले. त्यानंतर नेमलेल्या समितीत नऊ अभियंते बांधकामाच्या व्यवसायातले होते आणि पाच प्राध्यापक होते. त्यांनी पडलेल्या घरांपेक्षा टिकलेल्या घरांकडे अधिक लक्ष दिले. लाकडी सांगाड्यात दगडविटा भरलेली काही घरे शाबूत होती. ती किती आडवा रेटा सोसू शकली असतील, याचे उलटे गणित त्यांनी मांडले. त्यातून नियम निघाला, तो असा : तळमजला त्याच्यावरच्या वजनाच्या बाराव्या हिश्श्याइतका आणि वरचे मजले आठव्या हिश्श्याइतका आडवा रेटा सोसतील, असे बांधावेत. तळमजल्यावर १२० टनांचे ओझे असेल, तर बाजूने १० टनांचा रेटा येतो असे धरायचे. हा आकडा मोजलेला नव्हता, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण तो हवेतूनही काढलेला नव्हता. भूकंप हा मुळात गतिशास्त्राचा, म्हणजे क्षणोक्षणी बदलणाऱ्या हालचालीचा प्रश्न आहे, हे समितीला सल्ला देणारे तूरिनचे प्राध्यापक मोदेस्तो पानेत्ती जाणून होते. ते गणित तेव्हा आवाक्याबाहेरचे असल्यामुळे त्यांनी स्थिर बलाची, म्हणजे न बदलणारा एकच रेटा धरण्याची वाट धरली.

आता त्या नियमातला एक बारकावा पाहा. वरच्या मजल्यांना बारावा नव्हे, आठवा हिस्सा दिला आहे, म्हणजे वर गेल्यावर हिसका वाढतो, ही समज आलेखाचे यंत्र येण्याच्या पाव शतक आधी कायद्यात उतरली होती. माझ्या लेखी मेसिनाचे खरे देणे हे आहे, आकडा नव्हे. आपल्या उपखंडात एस. एल. कुमार या तरुण रेल्वे अभियंत्याने १९३१ च्या भूकंपानंतर बलुचिस्तानात रेल्वेची भूकंपरोधक घरे बांधली, तीही आडव्या बलाचे गणित करूनच. १९३५ साली क्वेट्टा कोसळले तेव्हा ती घरे टिकली.

कोयनेत मात्र उलटे घडले. धरणाचे संकल्पन करताना भूकंप गुणांक (वजनाच्या किती पट आडवा रेटा धरायचा तो आकडा) ०.०५ धरला होता, आणि तो पायापासून माथ्यापर्यंत सारखाच. तो प्रदेश स्थिर मानला जात असल्यामुळे या आकड्याबद्दल मी त्या अभियंत्यांना दोष देणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणातील त्वरणमापकावर आडव्या हालचालीची कमाल नोंद गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट झाली. (क्षणिक कमाल आणि संकल्पनातला गुणांक यांची थेट तुलना करू नये, हे आपण सांगण्याआधी मीच सांगतो.) बोलका आहे तो तड्यांचा ठिकाणा. ते पायाशी गेले नाहीत. सांडव्याबाहेरच्या उंच भागांत, खालच्या अंगाचा (साठलेल्या पाण्याच्या विरुद्ध बाजूचा) उतार जिथे एकदम बदलतो आणि धरणाचा छेद मानेसारखा अरुंद होतो, तिथे ते दोन्ही अंगांना गेले. माथा पायापेक्षा कितीतरी जोराने हलला आणि त्याचा सगळा ताण त्या मानेवर आला. सर्वत्र सारखा गुणांक धरणाऱ्या गणितात तिथे ताण दिसतच नव्हता. पुढे बर्कलीत अनिल चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्याने गतिशास्त्रीय विश्लेषण केले, तेव्हा तो नेमका तिथेच दिसला.

तेव्हा स्थिर गुणांकाची पद्धत अपुरी आहे, हे आपले म्हणणे कोयनेने सिद्ध केले. परंतु मेसिनाच्या १९०९ च्या नियमात खालच्या आणि वरच्या मजल्यांत जो फरक केलेला होता, तोच इथे गळला होता, हेही तितकेच खरे. लेखाच्या शीर्षकात मी ‘जन्म’ हा शब्द वापरला होता, तो जरा चढाच होता. तो काढून ‘पहिला आकडेबद्ध नियम’ असे केले आहे, आणि कोयनेच्या एका ओळीच्या जागी वरचा परिच्छेद घातला आहे. धरणाच्या त्या भागांना नंतर खालच्या अंगाने काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी दिली गेली, हेही तिथे जोडले आहे.