मिसळ, थंड दूध आणि ऐरोलीच्या काकांची कमेंट

काका नमस्कार. कमेंट भलीमोठी आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार, म्हणून खाली न लिहिता वेगळं टाकतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते, काकांचं म्हणणं असं की गॅस्ट्रायटिसवरचा (म्हणजे जठराच्या सुजेवरचा) माझा लेख म्हणजे लोकांना उगाच घाबरवणं आहे, त्यांनी जन्मभर मामलेदारची मिसळ खाल्ली, काही झालं नाही, आग पडली की ग्लासभर थंड दूध आणि सकाळी पॅन्टोप्रॅझोल ही ॲसिडिटीची गोळी, विषय संपला. वर गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही पेनकिलर चालूच असते 'पण पोटात काहीतरी टाकून'. आणि शेवटी, वेळेवर खा म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळची ट्रान्स हार्बर लोकल पकडून दाखवावी.

मिसळीने जठराला सूज येते असं मी लिहिलेलंच नाही हो, परत बघा. आधीच सूज असेल तर तर्री झोंबते, एवढंच म्हटलंय. सूज येण्याची नेहमीची कारणं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, पेनकिलर आणि दारू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरने १९८४ साली हा जंतू चक्क पिऊन घेतला, थोड्याच दिवसांत उलट्या आणि जठराला सूज, पुढे २००५ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. म्हणजे मिसळीच्या बाजूने माझ्याकडे तुमच्यापेक्षा चांगला साक्षीदार आहे. आणि हा जंतू असला तर दुधी-पडवळ खाऊन तो जात नाही, अँटिबायोटिक्सचा कोर्सच लागतो.

दुधाचं मात्र मी मागे घेणार नाही. पिताना बरं वाटतं, खोटं नाही, पण दुधातलं प्रोटीन आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतं, मग तासा-दोन तासाने परत आग आणि परत ग्लास. १९१५ मध्ये शिकागोच्या सिप्पी नावाच्या डॉक्टरने अल्सरला तासातासाला दूध-क्रीम द्यायची पद्धत काढली आणि ती कित्येक वर्षं चालली, त्यामुळे जुने डॉक्टर दूध सांगायचे यात नवल नाही. चहात घाला, खिरीत घाला, फक्त औषध म्हणून ढोसू नका.

आता वेळेचं. ट्रान्स हार्बरला मीही लटकते, ठाण्याला चढायचं आणि घणसोलीला गर्दीतून वाट काढत उतरायचं, मला काय सांगताय! वेळेवर म्हणजे ताट-पाट घेऊन बसा असं नाहीये, रिकाम्या पोटी दोन कटिंग आणि मग थेट दुपारी अडीचला डबा, एवढं टाळायचं. निघताना केळं किंवा नाचणीची पेज, अकराच्या सुमाराला अर्धी पोळी-भाजी, दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, दोडका नाहीतर लाल भोपळा, संध्याकाळी टपरीवरच्या वडापावऐवजी घरून नेलेल्या लाह्या (वडापाव समोर तळत असताना हे अवघड आहे, मान्य). ताक ज्याला सोसतं त्याने ताजं घ्यावं, आंबट नको. काहींना टोमॅटो चालत नाही, काहींना भाकरी जड पडते, माझ्या बहिणीला काकडी चालत नाही आणि मला चालते, त्यामुळे सगळ्यांना एकच तक्ता मी देत नाही आणि कोणी दिला तर घेऊ नका. उपासाला साबुदाणा-शेंगदाणे-बटाट्याने पोट भरणाऱ्यांनी थोडा विचार करावा, इतकंच.

तुमची ती पॅन्टोप्रॅझोलची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, जेवून घेतली तर तिचा नीट उपयोग होत नाही. पण मुख्य मुद्दा असा की आग दबली म्हणजे कारण गेलं असं नाही, आणि जंतूची श्वासाची टेस्ट करायची झाली तर पॅन्टोप्रॅझोल साधारण २ आठवडे बंद ठेवावी लागते, तेसुद्धा डॉक्टरांना विचारून, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

मिसळ राहू दे बाजूला, माझं भांडण तुमच्या डायक्लोफेनॅकशी आहे. पोटात काही टाकून घेतली की निर्धोक हा समज चुकीचा आहे, कारण ती रक्तात गेल्यावरही जठराच्या अस्तराला सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिन्स कमी करते, मग तुम्ही आधी पोहे खाल्लेत की उपमा याने फार फरक पडत नाही. वय वाढेल तसा रक्तस्रावाचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, तर दूध नाही, लेख नाही, सरळ हॉस्पिटल. वजन आपोआप उतरत असेल तर तेही दाखवा. आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती माझं वाचून बंद करू नका, पण गुडघ्याला दुसरं काय घेता येईल हे या आठवड्यात डॉक्टरांना विचाराच.