जागा रिकामी काबर सोडी भो?

जळगाव जिल्ह्यात फ्लेक्सचं दुकान चालवायचं म्हणजे डिझाईन कमी आणि भाऊबंदकी जास्त सांभाळावी लागते. क्लासात शिकवलं होतं की एकच गोष्ट मोठी ठेवा, बाकीचं तिच्या मागे चालू द्या, दोनाच्या वर फॉन्ट नको आणि मोकळी जागा सोडा म्हणजे डोळ्याला दम खाता येतो. सगळं खरंय हो, पण क्लासात कोणाचे साडू नव्हते.

परवा एक आबा आले, नातवाचा पहिला वाढदिवस, १० बाय ८ चा फ्लेक्स. मी पोराचा एकच मोठा फोटो घेतला, बाजूला नाव, खाली पत्ता-वेळ, पिवळ्यावर काळी अक्षरं कारण ती लांबून पटकन दिसतात. फॉन्ट मंगल, आपल्या र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला, काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी. सोबतचा भाचा म्हणे हा तर तलाठ्याच्या दाखल्यासारखा दिसतो, याला शॅडो मारा, आउटलाईन मारा, मागून चमक द्या. मारलं सगळं.

मग आबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "आठे जागा रिकामी काबर सोडी भो?" म्हटलं आबा, मुद्दाम सोडलीय, नाव उठून दिसतं. "पैसा पूरा फुटना दी राहिनू ना मी?" आता यावर काय बोलणार, स्क्वेअर फुटाचा भाव लावतो कोण, तर मीच!

मग त्या जागेत मामा आले, मामा आले म्हणून काका आले, काका आले म्हणून वरच्या पट्टीत पाच नेते गोलात आले. मामांचा फोटो कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला, खांद्यावर कोणाचातरी हात. मी तो हात तासभर बसून साफ पुसला तर आबा म्हणे, "हात कोठे गया?" हात साडूंचा होता. परत आणला. थोरल्या आणि धाकट्या काकांचे फोटो सारखे आहेत का ते आबांनी काडेपेटीतली काडी काढून स्क्रीनवर मोजलं, धाकटे सूतभर मोठे निघाले, केवढा गहजब!

भाच्याला पोपटी रंग मोबाईलवर दिसतो तस्साच झगझगीत पाहिजे होता. मोबाईल उजेडानं रंग दाखवतो आणि मशीन चार शाईंनी छापतं, तो झगझगाट शाईत येतच नाही हे मी रोज सांगतो, म्हणजे तोंडपाठ झालंय.

अक्षरांचा ढोबळ हिशोब असा की १ इंच उंचीचं अक्षर साधारण १० फुटांवरून आरामात वाचता येतं, रस्त्यापलीकडे ५० फुटांवर ५ इंच लागतात. त्यात बाईकवाला ताशी ४० नं गेला तरी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकतो, तो किती वाचणार? इकडे शुभेच्छुकांची नावं दाटीवाटीत पाऊण इंचावर आलेली. म्हटलं आबा, हे वाचायला माणसाला अगदी फ्लेक्सला नाक लावून उभं राहावं लागेल. आबा शांतपणे, "येतीनच ना." आणि येतातच! नातेवाईक येतो, आपलं नाव शोधतो, मग शेजारच्याचं नाव आपल्या वर का हे बघतो. बाईकवाल्यासाठी फ्लेक्स लावतो कोण इथं?

फायनल करताना बघितलं तर पोरगं कोपऱ्यात पासपोर्ट साईजचं झालेलं, आणि पत्ता-वेळ कधी उडाली पत्ताच नाही. म्हटलं आबा, कार्यक्रम कुठे नि किती वाजता?

"ते काय, सर्वासले माहीत शे."