तेलाचा धूर कोणाच्या नावावर मांडायचा?

कार्बन उत्सर्जनाचा विषय निघाला की देशांची यादी पुढे येते. चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. मग वाद तिथेच संपतो. मला या यादीचा मनापासून राग आहे, कारण तिच्यात कोळसा, तेल आणि वायू एकत्र मोजलेले असतात आणि कोण काय जाळतं हे त्यात दिसतच नाही.

फक्त तेल वेगळं काढून बघा. पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन, रॉकेल, एलपीजी, फर्नेस ऑइल. जगभरात हे जाळून वर्षाला साधारण १२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. यात पहिला नंबर अमेरिकेचा, २ अब्ज टनांहून जास्त. चीनमध्ये माणसं चौपटीहून अधिक, तरी तेलाच्या बाबतीत तो मागे आहे, त्याचा मोठा धूर कोळशाचा. भारताचं तेलाचं उत्सर्जन ६०-६५ कोटी टनांच्या आसपास, म्हणजे माणशी अर्धा टनही नाही. अमेरिकेत माणशी साडेसहा टनांच्या घरात.

अर्धा टन म्हणजे किती? एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग एवढा वायू कुठून आला? इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, वजन त्याचं.) त्या हिशेबाने अर्धा टन म्हणजे वर्षाला दोनशे-सव्वादोनशे लिटर पेट्रोल. साडेसहा टन म्हणजे जवळजवळ २८०० लिटर.

तेलाचा आकडा मला कोळशाच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. कोळसा मुख्यतः वीजकेंद्रं आणि कारखान्यांत जळतो, तेल बरंचसं रस्त्यावर. शहरं किती पसरली, गाड्या केवढ्या, बस-रेल्वे आहे की नाही, हे सगळं त्यात उतरतं. म्हणूनच ते कमी करणंही अवघड. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्रान्सने तेलावरची वीज सोडून अणुवीज उभी केली, आणि वीजनिर्मितीतलं तेल जवळपास संपवलं. रस्त्यावरच्या गाड्या मात्र पेट्रोल-डिझेलवरच राहिल्या.

आता हिशेबाच्या पद्धतीकडे या. उत्सर्जन मोजतात ते इंधन कुठे विकलं गेलं त्यावरून. लक्झेंबर्ग हा चिमुकला देश माणशी उत्सर्जनात अनेक वर्षं फार वर दिसला. तिथे इंधनावरचा कर शेजाऱ्यांपेक्षा कमी, म्हणून जर्मनी-फ्रान्स-बेल्जियममधून जाणारे ट्रक तिथे टाकी भरून घ्यायचे. धूर दुसऱ्या देशात, नोंद लक्झेंबर्गच्या खात्यात.

नॉर्वेचं उलटं. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी दहातल्या जवळपास नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या. हे कौतुकाचंच आहे. पण तोच देश समुद्रातून तेल काढून जगाला विकतो आणि त्याचा धूर घेणाऱ्याच्या नावावर पडतो. जाळणाऱ्याच्या नावावर मोजायचं हे मला मान्य आहे, फक्त मग विकणाऱ्याने स्वतःला हरित म्हणवून घेऊ नये.

सगळ्यात मोठी पळवाट आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजांची. त्यांच्या इंधनाचा धूर संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे वेगळा नोंदवतात, कोणत्याही देशाच्या एकूण आकड्यात धरत नाहीत. दोन्ही मिळून तो अब्ज टनाच्या घरात आहे, भारताच्या सगळ्या तेलाच्या धुरापेक्षा जास्त! सिंगापूरसारख्या बंदरात जहाजं प्रचंड तेल भरतात, आणि ते तेल जळतं भर समुद्रात, कोणाच्याच नावावर नाही.

माणशी आकडा दाखवून भारताची बाजू मी जोरात मांडतो, यापुढेही मांडेन. पण हा अर्धा टन सरासरीचा आहे. त्यात बसने जाणारा शेतमजूर आहे आणि दर सुट्टीत परदेशी उडणारं कुटुंबही आहे. दुसऱ्या खंडात विमानाने जाऊन-येऊन एका प्रवाशामागे अर्ध्या टनाहून सहज जास्त धूर होतो. शेतमजुराच्या बसचं डिझेल देशाच्या खात्यात पडतं. त्या विमानाचं इंधन तिथे धरलंच जात नाही.