एकही जंतू वाचता कामा नये
गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी टाकी, वारला. आम्ही पहिल्या मजल्यावर, टाकीच्या बरोबर वर, त्यामुळे अंत्यदर्शन खिडकीतून आणि नाकाने घडलं. तुमच्याकडेही हा योग यावा म्हणून चार अनुभवाचे बोल.

फिनेलच्या बाटलीवर 'बादलीला एक टोपण' लिहिलेलं असतं. ते चिकट लोकांसाठी. तुम्ही अर्धी बाटली ओता.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या कमोडमध्ये.

साबण 'अँटिबॅक्टेरियल'च घ्या. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ट्रायक्लोसानसह १९ रसायनं हात धुण्याच्या साबणांतून हद्दपार केली, कारण साध्या साबणापेक्षा ती सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. आपण का ऐकायचं? ट्रायक्लोसान जंतूच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच्याच भावकीवर टीबीचं आयसोनियाझिड हे औषध चालतं. प्रयोगशाळेत टीबीच्या जंतूचा एक गरीब चुलतभाऊ पहिल्याला सरावला, तर दुसऱ्यालाही दाद देईना. म्हणजे पैलवानांची तालीम आपल्याच गटारात, फुकट!

आता एसटीपी. तिथे मैला कोण खातं? जंतू! टाकीत हवा सोडायची, ते मैला खातात, पाणी निवळतं, तेच पुन्हा फ्लशला आणि बागेला. सव्वाशे फ्लॅटमधून रोज फिनेल, टॉयलेट क्लीनर, ब्लीच खाली उतरतंय, ते बिचारे किती दिवस तग धरणार? ऑपरेटरने झाकण उघडलं, आत काळं पाणी आणि वर फेस. म्हणाला, "ताई, कल्चर मेलं." मग त्याने गोठ्यातून दोन पोती शेण आणलं, पाच किलो गूळ आणला आणि टाकीत कालवला. जंतू मारायला आपण महिन्याला हजार रुपये घालवतो आणि ते परत आणायला शेण विकत घेतो! वर मेंटेनन्सच्या बिलात 'कल्चर चार्जेस'. त्याच रात्री ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज : 'दुर्गंधीवर उपाय म्हणून टाकीत फिनेल टाकावे काय?' सात अंगठे आले. एक आमच्या ह्यांचा.

अहो, जरा लाज वाटू द्या! उपाय कसले सांगू तुम्हाला? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीत नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडलं. भल्याभल्या अँटिबायोटिकना निकामी करणारं, आणि तेही प्यायच्या पाण्यात! ही जनुकं जंतू एकमेकांना वाटतात, आणि सांडपाण्याइतकी गर्दी त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? आपल्या मेलेल्या टाकीतलं पाणी टँकर भरून गेलं. ते कुठल्या ओढ्यात रिकामं झालं, हे सव्वाशे घरांतल्या एकाने तरी विचारलं? फरशी चकचकीत आहे ना, मग झालं. आणि त्या गोळ्या! डॉक्टरने पाच दिवस लिहिल्या होत्या, तर पाच दिवस गिळायच्या होत्या.